गाणं बिघडवायला निघालेली गिटार

गाणं सुरू होऊन मिनिट होत आलेलं असतं. इतका वेळ गिटारची एकेक तार अलगद छेडली जाते आहे, गाणाराही स्वतःशीच बोलल्यासारखा गातो आहे. आणि एकदम गिटारमधून एक कोरडा, खरखरीत आघात होतो. त्यात सूर असा नाहीच. पाठोपाठ आणखी आघात. पुढच्याच क्षणी सगळी वाद्यं पूर्ण ताकदीनिशी अंगावर येतात.

रेडिओहेड या इंग्लंडमधल्या बँडच्या 'क्रीप' या गाण्यातली ही जागा. हे गाणं पहिल्यांदा वाजवलं तेव्हा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडला ते अजिबात आवडलं नव्हतं. फारच मिळमिळीत वाटत होतं. म्हणून त्याने तारा दाबून धरल्या आणि त्यांवर जोरात फटके मारले. बँडमधला दुसरा गिटारवादक एड ओब्रायन याने पुढे सांगितलं, की जॉनी गाणं बिघडवू पाहत होता आणि त्यानेच गाणं घडलं. या गाण्यावरून श्रोत्यांमध्ये पुढे जे दोन तट पडले, त्यांची सुरुवात अशी बँडच्या आतूनच झाली होती.

सप्टेंबर १९९२ मध्ये गाणं ब्रिटनमध्ये बाजारात आलं. बीबीसीच्या रेडिओ १ वाहिनीला ते फार उदास वाटलं, त्यामुळे तिथे ते फारसं वाजलंच नाही. जेमतेम सहा हजार प्रती खपल्या. त्याच सुमाराला इस्रायलमध्ये मात्र एका रेडिओ निवेदकाने ते पुन्हा पुन्हा लावलं आणि तिथे ते गाजलं. मग अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रेडिओ केंद्राने ते उचललं. ध्वनिमुद्रण तेच, हवेतल्या लहरी त्याच. एकाला त्यात रडगाणं ऐकू आलं, दुसऱ्याला आपल्याच मनातलं बोलणं. हे कसं होतं, हा प्रश्न संगीत-मानसशास्त्रातल्या आणि मेंदूविज्ञानातल्या संशोधकांना अनेक वर्षं खुणावतो आहे. त्यांच्या हाती जे लागलं आहे ते या एका गाण्यावर लावून पाहावं, असं मला वाटलं.

आधी स्वर पाहू. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चारच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या चार मेळांवर, फिरतं: जी मेजर, बी मेजर, सी मेजर, सी मायनर. यातली दुसरी कॉर्डच चकवते. जीच्या सप्तकात त्या जागी एरवी बी मायनर यायची. बी मेजर आल्यामुळे सप्तकाबाहेरचा एक स्वर आत शिरतो. चौथ्या कॉर्डमध्येही तसंच होतं. आता जीला षड्ज मानून या चार कॉर्डच्या पोटातला एकच धागा पकडा: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत, आणि चक्र संपून परत पंचम. अर्ध्या अर्ध्या स्वराने वर चढायचं, शुद्ध धैवताला कसंबसं टेकायचं आणि आल्या वाटेने खाली यायचं. ही गाण्याची चाल नव्हे. गायक याच्या वर काही वेगळंच गातो, आणि ही रांग कॉर्डच्या आत दडलेली राहते. पण 'आशा वाटली आणि विझली' ही जी भावना बहुतेकांना या गाण्यात जाणवते, तिचं घर मला या पाच पावलांत दिसतं.

मात्र चकण्यासाठी आधी काहीतरी अपेक्षा असावी लागते. आपला मेंदू संगीत ऐकताना सतत पुढचा अंदाज बांधत असतो, आणि तो बांधतो आजवर ऐकलेल्या संगीताच्या जोरावर. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील व्हिन्सेंट च्युंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली याची फार सुंदर तपासणी केली. अमेरिकेत गाजलेल्या ७४५ गाण्यांमधल्या सुमारे ८० हजार कॉर्ड त्यांनी संगणकाला शिकवल्या. कुठल्या जागी पुढची कॉर्ड किती अनपेक्षित आहे, हे त्यातून आकड्यांत मांडलं. मग शब्द आणि चाल काढून टाकून नुसत्या कॉर्ड लोकांना ऐकवल्या. दोन प्रकारच्या जागा लोकांना जास्त गोड वाटल्या. पुढे काय येणार याची खात्री असताना भलतंच काही आलं, ती एक. आणि पुढचं काहीच कळत नसताना साधी, ओळखीची कॉर्ड आली, ती दुसरी.

हे 'क्रीप'ला लावून पाहा. पाश्चात्त्य पॉप संगीत लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसाला बी मायनरची खात्री असते, म्हणून बी मेजर त्याला हलवते. ते संगीत फारसं न ऐकलेल्याला ही खात्रीच नसते. त्याच्यासाठी तिथे काही मोडत नाही आणि काही घडतही नाही. तिसरा श्रोता असा, की ज्याने हे वळण आधीच ऐकलंय. अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांच्या १९७२च्या 'द एअर दॅट आय ब्रीद' या गाण्याशी 'क्रीप'चं इतकं साम्य निघालं, की पुढे या दोघांची नावं 'क्रीप'च्या श्रेयनामावलीत घालावी लागली. ते जुनं गाणं पाठ असलेल्याला नवं गाणं उसनं वाटलं, तर त्याचा कान खोटं बोलत नाही. तिघांनी एकच कॉर्ड ऐकली, पण प्रत्येकाच्या मेंदूने ती ताडून पाहिली ती वेगवेगळ्या आठवणींशी.

आता तो आघात आणि त्यानंतरचा कल्लोळ. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की लहरीचे माथे छाटले जातात. गोलसर लहर चौकोनी होऊ लागते आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे नवे स्वर त्यात मिसळतात. दोन-तीन स्वर एकत्र वाजत असले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर तयार होतात. डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. एवढी गर्दी झाली की आवाज आतल्या आत थरथरू लागतो. आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली झाली तर कानाला ती खरखर म्हणून जाणवते. ल्यूक आर्नाल आणि डेव्हिड पोपल यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं, की माणसाच्या किंकाळीत नेमकी हीच थरथर ठासून भरलेली असते. साध्या बोलण्यात ती जवळजवळ नसते. धोक्याच्या भोंग्यातही ती आढळते. किंकाळी जितकी खरखरीत तितकी ती ऐकणाऱ्याला भीतिदायक वाटते, आणि मेंदूतला अमिग्डाला हा भयाशी जोडलेला भाग तितकाच जास्त चेततो.

इथे मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बोलिव्हियातला एक अभ्यास. ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहणाऱ्या, पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या त्सिमाने लोकांना जॉश मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ ऐकवले. त्सिमाने श्रोत्यांनी दोन्हींना सारखीच पसंती दिली. विसंवाद कानाला टोचतो ही आपली समजूत बऱ्याच अंशी शिकलेली आहे, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसलं. पण खरखर मात्र त्सिमाने लोकांनाही नकोशी वाटली, पाश्चात्त्य श्रोत्यांइतकीच. म्हणजे ग्रीनवुडच्या त्या फटक्यांना दचकणारा माणूस नाजूक किंवा जुनाट विचारांचा आहे, असं समजायचं कारण नाही. तो दचकतो ते माणूस म्हणूनच. समजून घ्यायचं आहे ते दुसऱ्याचं: ज्याला ती खरखर आवडते त्याचं.

त्यासाठी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला प्रयोग उपयोगी पडतो. व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोर आणि सहकाऱ्यांनी अंगावर शहारा आणणारी, आपल्या आवडीची गाणी लोकांना आणायला सांगितली आणि ती ऐकताना त्यांच्या मेंदूतलं डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं रसायन मोजलं. २०११ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा: शहाऱ्याच्या क्षणी मेंदूतल्या न्यूक्लिअस अक्युम्बन्स या भागात डोपामाइन सुटतं. पण त्याच्या आधीच, ती जागा जवळ येत असताना, कॉडेट या वेगळ्या भागात ते सुटू लागलेलं असतं. वाट पाहण्यालाही मेंदू सुख मानतो.

माझं या गाण्याबद्दलचं म्हणणं इथे येऊन ठरतं. तो खरखरीत आघात पहिल्यांदा ऐकणाऱ्यासाठी धोक्याचा भोंगा असतो. दहाव्यांदा ऐकणाऱ्याला तोच आघात पुढच्या कल्लोळाची वर्दी देतो, आणि वर्दी मिळताच त्याचा मेंदू सुखाच्या तयारीला लागतो. आवाजात कणभर फरक नसतो, पण त्याचं काम पार पालटलेलं असतं. त्यामुळे पहिल्या ऐकण्यात गाणं बंद करणारा आणि ते शंभरदा ऐकलेला अशा दोघांचा वाद होतो, तेव्हा ते एका गाण्याबद्दल बोलत नसतातच. एकाने भोंगा ऐकलेला असतो, दुसऱ्याने वर्दी.

पुन्हा पुन्हा ऐकल्याने आवड वाढते, हे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ सालीच दाखवलं होतं, तेही निरर्थक शब्द आणि अनोळखी चिन्हं वापरून. संगीतात ही गोष्ट थोडी गुंतागुंतीची निघाली. कॅनडातल्या संशोधकांना २००४ साली आढळलं, की दुसरं काही करता करता गाणं कानावर पडत राहिलं तर पसंती वाढत जाते. पण लक्ष देऊन ऐकलं तर ती आधी वाढते आणि मग उतरू लागते. हे वाचताना मला रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्क आठवतो. आपलंच गाणं रात्रीमागून रात्री, पूर्ण लक्ष देऊन गायचं त्याच्या नशिबी आलं. त्याला ते नकोसं झालं, आणि पुढची कित्येक वर्षं बँडने ते मंचावर क्वचितच वाजवलं. समोरचे श्रोते मात्र त्याच एका गाण्यासाठी ओरडत राहिले. गाणाऱ्याच्या पसंतीची रेषा कधीच उतरणीला लागली होती, ऐकणाऱ्यांची अजून चढत होती.

शब्दांचं काय? स्वतःला कवडीमोल समजणाऱ्या, आपण इथले नव्हेच असं वाटणाऱ्या माणसाचं हे गाणं आहे. असं गाणं कुणी हौसेने का ऐकावं, हा रेडिओ १ला पडलेला प्रश्न काही वावगा नव्हता. फिनलंडमधल्या योना वुओस्कोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली त्यावर काम केलं. दुसऱ्याच्या दुःखाशी चटकन समरस होणाऱ्या आणि नव्या अनुभवाला मोकळं असणाऱ्या लोकांना उदास संगीतातून जास्त आनंद मिळतो, असं त्यांना दिसलं. अशा माणसाला त्या शब्दांत सोबत सापडते. ज्याचा स्वभाव तसा नाही, त्याच्यापर्यंत केवळ उदासी पोचते, आणि ती त्याला का हवी असेल?

आणि ज्यांना कुठल्याच गाण्याने काही होत नाही असेही लोक असतात. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली त्यांची नोंद केली. ऐकू उत्तम येतं, पैसे जिंकल्यावर आनंदही होतो, पण संगीत मनाला भिडत नाही. त्यांच्या मेंदूत ध्वनीचा भाग आणि सुखाचा भाग यांच्यातला संवाद क्षीण असतो. त्यांच्याशी या गाण्यावरून वाद घालणं खरोखर अन्यायाचं आहे.

राहिला इस्रायल आणि ब्रिटनमधला फरक. मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली १४ हजारांहून अधिक लोकांवर केलेला प्रयोग इथे चपखल बसतो. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली आणि श्रोत्यांची आठ वेगळ्या 'जगांत' विभागणी केली. आपल्या जगातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं, एवढंच श्रोत्याला दिसायचं. आठही जगं शून्यापासून सुरू झाली, तरी प्रत्येकात वेगवेगळी गाणी वर आली. अगदी वाईट गाणी सहसा पहिली आली नाहीत, अगदी चांगली सहसा तळाला गेली नाहीत. पण मधल्या प्रचंड पट्ट्यात काहीही घडत होतं. सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय उचललं, यावर पुढचं सगळं ठरत गेलं.

१९९२ मध्ये 'क्रीप'ला अशीच दोन जगं मिळाली होती. एका जगात निवेदकाने ते लावलं आणि लावत राहिला. लोकांचं पहिलं ऐकणं, पाचवं ऐकणं, दहावं ऐकणं झालं आणि भोंग्याची वर्दी झाली. दुसऱ्या जगात दुसऱ्या ऐकण्याचीच वेळ फार थोड्यांवर आली. वर्षभराने, सप्टेंबर १९९३ मध्ये, ब्रिटनमध्ये ते पुन्हा प्रकाशित झालं. चार कॉर्ड त्याच, कोमल धैवतावरून खाली येणारं पाऊल तेच, दाबलेल्या तारांवरचे फटकेही तेच. बाहेर ते गाजल्याची बातमी मात्र आता त्याच्या आधी पोचली होती. पहिल्या खेपेला ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत ७८व्या क्रमांकापाशी अडकलेलं गाणं या वेळी सातव्या क्रमांकावर गेलं.