अक्षरांचा आकार कोणाच्या हाती? वेबवरील मजकुराच्या मापाची पार्श्वभूमी

नागपूरकर दाखले, कर किंवा निकालांसाठी जी सरकारी संकेतस्थळे उघडतात, त्यांपैकी अनेकांच्या माथ्यावर अक्षरे लहान-मोठी करण्याची तीन बटणे असतात. त्यांचे मूळ वेबच्या पहिल्या दशकात आहे.

एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची रचना लिहिण्याची भाषा, आली तेव्हा शीर्षक कोणते आणि परिच्छेद कोणता, एवढेच लेखक सांगत असे. अक्षरे किती मोठी दिसावीत हे वाचकाचा ब्राउझर ठरवत असे. छपाईच्या सवयीत वाढलेल्या रचनाकारांना ही मोकळीक मानवली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये पानाचे दृश्यरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. तिच्यात एम (भोवतालच्या अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजणारे एकक) आणि टक्के ही सापेक्ष एकके असूनही अनेकांनी पिक्सेल, म्हणजे पडद्यावरील ठिपक्यांत मोजलेले ठरीव माप, पसंत केला. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत मात्र पिक्सेलमध्ये बांधलेली अक्षरे ब्राउझरच्या मेनूतून मोठी होत नसत, आणि त्या काळी बहुसंख्य वाचक तोच ब्राउझर वापरत. त्यामुळे पानावरच्या बटणांना अर्थ होता. २००६ मध्ये सातव्या आवृत्तीत संपूर्ण पान मोठे करण्याची सोय आली आणि ते कारण सरले. बटणे मात्र राहिली, आणि आज ती सुलभतेचा, म्हणजे अपंग वाचकांनाही संकेतस्थळ वापरता येण्याचा, दाखला म्हणून मिरवली जातात, हे काहीसे विचित्रच म्हणावे लागेल.

सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी १९९९ मध्येच सापेक्ष एककांचा आग्रह धरला होता. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीने मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवला तरी आशय किंवा कार्य हरवू नये, अशी कसोटी घातली. २०१८ च्या सुधारणेने ३२० पिक्सेल रुंदीतही सर्वसाधारण मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, ही अट जोडली. एमची एक अडचण होती: यादीत यादी आली की माप आपोआप गुणले जाई. पानाच्या मूळ घटकाशी, म्हणजे संपूर्ण पानाच्या एकाच पायाभूत मापाशी, बांधलेल्या रेम या एककाने ती दूर केली. बहुतेक ब्राउझरांचे मूळ माप १६ पिक्सेल असते, आणि वाचकाने ते वाढवले की रेममधील सर्व मजकूर त्याच प्रमाणात वाढतो. केवळ पडद्याच्या रुंदीवर ठरवलेली अक्षरे मात्र झूम करूनही मोठी होत नाहीत. अलीकडच्या आकर्षक रचनांमध्ये हा जुनाच दोष नव्या वेशात दिसतो. मे महिन्याच्या उन्हात सीताबर्डीत मोबाइल वाचणाऱ्या धडधाकट माणसालाही तो जाणवतो.

देवनागरीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. रफार, वेलांटी आणि मात्रा वर जातात, ऱ्हस्व-दीर्घ उकार खाली उतरतात, त्यामुळे त्याच मापाच्या रोमन मजकुरापेक्षा मराठीला ओळींत अधिक अंतर लागते. ते अंतर पिक्सेलमध्ये बांधले असेल, तर वाचकाने अक्षरे वाढवताच वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. म्हणून मराठी पानावर ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपट किंवा त्याहून अधिक, आणि एककाविना नुसत्या संख्येत द्यावे. मग अक्षरासोबत तेही वाढते.