मिशनरी वेगळा, पाद्री वेगळा

नाताळात नेवऱ्या आणि कलकलांची ताटली घेऊन शेजारी गेलं की कुणीतरी आपुलकीने विचारतं, "तुमच्या चर्चमध्ये नवीन मिशनरी आलेत ना?" हा प्रश्न आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, फादरांबद्दल असतो. तेच लोक माझ्या मावसभावाची चौकशी करतात तेव्हा म्हणतात, "तो परदेशात कुठल्या चर्चचा पाद्री आहे?" तो पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत मिशनरी आहे. म्हणजे जो मिशनरी नाही त्याला मिशनरी म्हणायचं आणि जो आहे त्याला पाद्री! ठाण्यात माझं सगळं आयुष्य गेलं आणि ही अदलाबदल मी शाळेपासून ऐकतो आहे. शिकलेसवरलेले करतात, बातम्या लिहिणारे करतात, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही काही करतात. म्हणून एकदा नीट लिहितो.

पाद्री तुम्हाला माहीत आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. शब्द पोर्तुगीज, अर्थ वडील. मासुंदा तलावाच्या काठी जे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, तिथे रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करणारे फादर ते पाद्री. त्यांच्याकडे एक ठरलेला भाग असतो, त्या भागातली ख्रिस्ती घरं असतात. बारसं, लग्न, आजारपण, मयत हे सगळं ते बघतात, नोंदवह्या सांभाळतात. मुंबई महाधर्मप्रांतात, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या हद्दीत, त्यांच्या बदल्या होतात. आज ठाणे, उद्या रायगड. प्रोटेस्टंट मंडळींमध्ये हेच काम करणाऱ्याला पाळक म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो. कळप आहे आणि त्याला राखणारा आहे, हे त्या एका शब्दात आलं.

आता जे फरक लोक हिरिरीने सांगतात ते आधी बाजूला करू. पांढरा झगा कधी दोघेही घालतात, कधी दोघेही घालत नाहीत. लग्नाचं म्हणाल तर कॅथलिक फादर लग्न करत नाहीत, पाळक करतात. मिशनऱ्यांतही दोन्ही प्रकार आहेत, कारण तो पंथाचा फरक आहे. कातडीच्या रंगाचा तर काहीच संबंध नाही. आज जगभर खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या मिशनऱ्यांमध्ये केरळचे, तमिळनाडूचे, गोव्याचे, मिझोरामचे, नायजेरियाचे, फिलिपिन्सचे लोक आहेत. मिशनरी म्हटलं की अजूनही हॅटवाला गोरा साहेब डोळ्यांपुढे येत असेल, तर ते चित्र शंभर वर्षं जुनं आहे.

एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या: मिशनरी व्हायला पाद्री असावं लागत नाही. याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच परिसरातला आहे. वसई २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. तिथला गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात जपानला गेला. मकाऊमध्ये व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन या संन्याशांच्या संघात शिरला, तोही साधा ब्रदर म्हणून. त्याला कधीच गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, मिळाली नाही, त्याने कधी मिसा केली नाही. जपानी भाषा त्याला उत्तम येत होती, म्हणून १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन फादर जपानला गेले तेव्हा दुभाषा म्हणून तो बरोबर गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला इतरांबरोबर क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. वसईत गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. त्याला "वसईचे पाद्री" म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटला आहे. तो पाद्री नव्हता, मिशनरी होता.

उलट दिशेने आलेला दाखला मिरजेचा. मिशन हॉस्पिटलचे डॉ. विल्यम वॉनलेस हे शल्यचिकित्सक. आयुष्य ऑपरेशन टेबलाशी गेलं, पण ते मिशनरीच होते, कारण एका मिशनने त्यांना परक्या मुलखात पाठवलं होतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच पाठवणं. पाठवलेला तो मिशनरी, नेमलेला तो पाद्री.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. गाडी अडते ती यापुढे.

लोकांना वाटतं की मिशनरी म्हणजे लांब गेलेला पाद्री. परदेशातल्या एखाद्या खेड्यात जायचं, चर्च बांधायचं, तिथे बसायचं. म्हणजे फरक फक्त किलोमीटरचा. हे साफ चुकीचं आहे. खरा फरक काम संपण्यात आहे. पाद्रीचं काम कधीच संपत नाही. एक फादर गेले की दुसरे येतात, पॅरिश चालू राहतं. मिशनऱ्याचं काम मात्र संपण्यासाठीच असतं. जिथे ख्रिस्ती मंडळी नाही तिथे तो जातो आणि ती मंडळी आपल्या पायावर उभी राहिली की त्याने निघायचं असतं. तो निघू शकला नाही, तर त्याचं मिशन फसलं, मग चर्च कितीही मोठं बांधलेलं असो.

हे माझ्या मनचं नाही. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे सेक्रेटरी हेन्री व्हेन यांनी १८५१ मध्येच मिशनच्या सुखाच्या मरणाची भाषा केली होती. त्यांच्याच काळात अमेरिकन बोर्ड या बॉस्टनच्या मिशन संस्थेचे रूफस अँडरसन तिकडे तेच सांगत होते. दोघांचं मिळून तीन कसोट्यांचं सूत्र झालं: स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा, आपला प्रसार आपण करावा. या तिन्ही गोष्टी झाल्या की परदेशी माणसाने बिऱ्हाड उचलायचं.

अँडरसन हे नुसतं बॉस्टनमध्ये बसून बोलले नाहीत. १८५४ मध्ये ते आपल्याकडे आले, अहमदनगरला गेले. त्यांच्या बोर्डाच्या इथल्या शाखेचे, अमेरिकन मराठी मिशनचे, पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. म्हणजे तोवर ४१ वर्षं झाली होती आणि मंडळ्या अजून अमेरिकन माणसांच्या हाताखाली होत्या. त्याच १८५४ साली नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिवसापर्यंत नगरकडे मिशन होतं. त्या दिवशी मराठी चर्च सुरू झालं. बॉस्टनहून बघितलं तर नगर हे परदेशातलं खेडवळ मुलूखच होतं. आपण नेहमी या गोष्टीच्या यजमान बाजूला राहिलो आहोत, हे विसरून चालणार नाही.

तरीही मिशन लगेच मेलं नाही. मिशन कंपाउंड, बंगला, पगार, परवानग्या हे सगळं पुढे कित्येक वर्षं चाललं. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये अनेक वर्षं राबले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढला. ख्रिस्त सोडला नाही, मिशन सोडलं. ज्याला मिशन आणि चर्च एकच वाटतं, त्याला टिळकांचं हे पाऊल कधीच कळणार नाही. त्याला वाटतं ते "परत फिरले". ते परत फिरले नव्हते, पुढे गेले होते.

आणि निघून जायला नकार दिला की काय होतं, ते आफ्रिकेत बघा. सॅम्युअल अजायी क्राउदर हे योरूबा गृहस्थ. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले, ब्रिटिश आरमाराने त्यांचं जहाज अडवून त्यांना सोडवलं. पुढे त्यांनी बायबल योरूबात आणलं आणि व्हेन यांच्या आग्रहाने १८६४ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. नायजर नदीकाठच्या गावांतलं मिशन आफ्रिकी माणसांनीच चालवलं. व्हेन वारले, काळ बदलला. १८९० मध्ये इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी क्राउदर यांच्या माणसांवर ठपके ठेवले, कारभार त्यांच्या हातून काढला. पुढच्या वर्षअखेरीस क्राउदर वारले आणि त्यांच्या जागी युरोपियन बिशप आणला गेला. जिथे चर्च उभं राहिलं होतं तिथे पुन्हा मिशन आणून बसवलं. हे वाचताना मला आजही राग येतो.

म्हणून कुणी सांगितलं की अमुक माणूस तमुक देशातल्या गावात मिशनरी आहे, तर मी एकच विचारतो: तो उद्या निघाला तर तिथे काय राहील? प्रार्थना चालवणारा गावातला माणूस आहे का? दुरुस्तीचे पैसे गाव काढतं की बाहेरून येतात? किती लोक ख्रिस्ती झाले, हा आकडा मला कुणी सांगू नये. त्यावरून काहीच कळत नाही.

निघून जायचं असेल तर आधी त्यांची भाषा आली पाहिजे. पापुआ न्यू गिनीत ८०० च्या वर भाषा आहेत. त्यांना जोडणारी टोक पिसिन. माझा मावसभाऊ गेला तेव्हा पहिले कित्येक महिने त्याने प्रवचन केलंच नाही, तो फक्त शिकत होता. फोनवर एकदा म्हणाला, "अरे, इथे मन पोटात असतं." टोक पिसिनमध्ये बेल म्हणजे पोट. दुःख म्हणजे बेल हेवी, शांती म्हणजे बेल इसी, आणि पश्चात्ताप करून वळणं म्हणजे तानिम बेल, पोट फिरवणं. त्याला हे पटकन उमगलं, कारण तो मराठी आहे. आपणही अपराध पोटात घालतो, आपल्यालाही पोटतिडीक असते. हृदयावर बोट ठेवून बोलणाऱ्या युरोपियन माणसाला तिथे पोचायला जास्त वेळ लागला असणार, असं मला वाटतं. ठाण्याच्या फादरांना ही मेहनत करावी लागत नाही, आणि यात त्यांचा कमीपणा नाही. त्यांची मेहनत वेगळी आहे.

ठाणे आणि नवी मुंबई शेजारी ठेवली तर आणखी एक गाठ सुटते. वाशीला फादर अ‍ॅग्नेल हे नाव सगळ्यांना शाळा म्हणून माहीत आहे. अ‍ॅग्नेलो डिसोझा हे गोव्याचे, जन्म १८६९, गोव्यातल्या पिलार या मिशनरी फादरांच्या संस्थेचे. आणि वाशीची संस्था त्याच पिलारच्या फादरांची. म्हणजे ठाण्याच्या पॅरिशचे फादर धर्मप्रांताचे आणि वाशीचे फादर एका मिशनरी संस्थेचे, जरी दोघेही रोज सकाळी साधारण सारखंच काम करताना दिसले तरी. संस्थेने मिशनरी असणं आणि कामाने मिशनरी असणं या दोन गोष्टी आहेत. उलटंही होतं: १९५७ मध्ये पोप पायस बाराव्यांनी धर्मप्रांतांना आवाहन केलं की आपले फादर काही वर्षांसाठी आफ्रिकेला द्या. असा उसना दिलेला पॅरिशचा पाद्री तेवढी वर्षं मिशनरी असतो आणि परत आला की पुन्हा पाद्री.

दहा दिवसांच्या सहलींबद्दल माझं मत कडक आहे. परदेशातल्या एखाद्या गावात जाऊन शाळेला रंग दिला, मुलांबरोबर गाणी म्हटली, फोटो काढले आणि परत आले, त्याला मिशन म्हणू नये. प्रेमाने गेलेल्या माणसाला मी नावं ठेवत नाही, पण त्याला स्वयंसेवक म्हणा. जो भाषा न शिकता निघून येतो त्याने काम संपवलेलं नसतं, सुरूच केलेलं नसतं. आणि प्रत्येक इंग्रजी शाळेला "मिशनरी शाळा" किंवा "कॉन्व्हेंट" म्हणणंही सोडा. कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर्सचा मठ.

धर्मांतराचा विषय टाळणार नाही. मिशनरी जातो तेव्हा लोकांनी ख्रिस्ताला स्वीकारावं ही त्याची इच्छा असते. "तो फक्त सेवा करतो" असं म्हणणं प्रामाणिक नाही. पण ते आहे मिशनऱ्याचं. पॅरिशच्या पाद्रीचा बहुतेक वेळ जन्माने ख्रिस्ती असलेल्यांतच जातो. त्याला मिशनरी म्हटलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते, आणि त्याच्याबरोबर आमच्याकडेही. आमची घरं पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती आहेत, आमची भाषा मराठी आहे, आमच्या लग्नात उंबराचं पाणी येतं. कुणी "तुम्ही मिशनरी लोक" म्हटलं की आम्ही काल कुठून तरी आल्यासारखं वाटतं. ते लागतं.

गेल्या पावसाळ्यात मावसभावाचा फोन आला. त्याच्या खोऱ्यातलाच एक मुलगा फादर होऊन आला होता आणि पॅरिश त्याच्या हाती दिलं होतं. मावसभावाला आता दुसऱ्या भागात जायचं होतं, तिथली बोली पहिल्यापासून शिकायची होती. दोन पिशव्या सामान होतं. गावाने रताळी आणि डुकराचं जेवण घालून निरोप दिला. मावशी काळजीत पडली. मला बाजूला घेऊन विचारलं, "तिथल्यांशी काही बिनसलं का रे त्याचं? का काढलं त्याला?"

म्हटलं, "नाही गं मावशी. त्याचं तिथलं काम झालं."