थ्रॉटल बॉडी घरी बदलली तरी गाडी ऐकत का नाही, त्याची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात आमच्या सात सीटर गाडीची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, मी दारातच बदलली. एअर फिल्टरचा पाईप काढला, एक सॉकेट, चार बोल्ट, खालची गॅसकेट, झालं, अर्ध्या तासाचं काम. स्टार्टर मारला आणि गाडी पाय न लावता दोन हजार आरपीएमवर कोकलायला लागली. म्हटलं नवीन पार्टच खराब आला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींना फोन लावला तर ते हसले, "पार्ट चांगला हाय रं, गाडीच्या डोक्यात अजून जुनाच बसलाय." आता गाडीला हे डोकं, म्हणजे कॉम्प्युटर, कधी आलं आणि कशापायी, ते बघायला गेलं की लई मागं जावं लागतं.

थ्रॉटल म्हणजे शेवटी काय, एका नळीत मधोमध दांडा आणि त्यावर फिरणारी गोल चकती. असली फुलपाखरी झडप जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनात होती, आणि १७८८ ला त्यानं तिला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. इंजिन पळायला लागलं की गोळे बाहेर फेकले जायचे आणि झडप आपोआप मिटायची, माणसाचा हात लागायचाच नाही. गव्हर्नर म्हटल्यावर कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको, विहिरीवरच्या ऑइल इंजिनात वजनांची तीच करामत, फक्त तिथं हवा न अडवता डिझेल कमीजास्त होतं. जुन्या डिझेल इंजिनाला हवेच्या वाटेत झडपच नसायची, म्हणून ऑइल इंजिनावर हात बसलेल्या आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हे थ्रॉटल प्रकरण पेट्रोल गाड्यांबरोबरच भेटलं.

पेट्रोलचं तसं नाही. हवा आणि पेट्रोल मापातच मिसळावं लागतं, हवा जास्त झाली तर मिसिंग, पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर. १८९३ ला जर्मनीत मायबाख नावाच्या इंजिनियरनं फवारा मारणारा कार्बोरेटर काढला आणि पुढं जवळजवळ शंभर वर्षं तोच चालला. नळी अरुंद केली की हवा जोरात जाते, तिथं दाब कमी होतो, पेट्रोल आपणच ओढलं जातं, आणि किती ओढायचं ते खालची झडप ठरवते, म्हणजे हवा आणि पेट्रोल दोन्ही एकाच डब्यात. १९८४ ला आपल्याकडं मारुती व्हॅन आली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढं तिलाच ओम्नी म्हणायला लागले. अमेरिकेत क्रायस्लरची मिनीव्हॅन पण १९८४ चंच मॉडेल. दोघींच्याही पोटात कार्बोरेटरच. त्या काळात आयडल, म्हणजे पाय न लावता इंजिन किती गतीनं चालायचं ते, सेट करणं म्हणजे एक स्क्रू ड्रायव्हर आणि कान, जोतिबाच्या चढाला पिकअप कमी वाटला तर रस्त्याकडंला थांबून स्क्रू पाव आटा फिरवणारे महाभाग आमच्या घरातच होते.

हे सगळं बदललं ते धुरामुळं. कॅलिफोर्नियात १९६१ च्या सुमारास पहिली सक्ती आली ती इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या चेंबरमधली तेलकट वाफ बाहेर न सोडता परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत, वळवायची. चांगलंच झालं, पण तीच वाफ थ्रॉटलच्या मागच्या अंगाला बसते आणि डांबरासारखा थर धरते, माझी जुनी बॉडी काढली तेव्हा चकतीच्या कडेला नखानं खरवडून निघेल एवढा काळा चिकटा होता. मग १९६७ ला बॉशचं डी-जेट्रॉनिक फोक्सवॅगनच्या गाडीत आलं, पेट्रोल सोडायचं काम इंजेक्टरकडं आणि किती सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक डब्याकडं. कार्बोरेटरमधून पेट्रोलचं खातं काढून घेतल्यावर मागं उरलं काय, तर नुसती हवेची झडप. तीच थ्रॉटल बॉडी. वाटण्या झाल्यावर म्हाताऱ्याकडं फक्त दाराची किल्ली राहावी तसं.

आपल्याकडं हे जरा उशिरा पोचलं. १९९५ ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्याला शिसं चालत नाही म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं. १९९९ ला सुप्रीम कोर्टानं दिल्ली भागासाठी युरो १ आणि युरो २ या धुराच्या नियमांच्या तारखा ठरवून दिल्या, २००० च्या एप्रिलपासून देशभर युरो १ च्या तोडीचे नियम लागले. खरी गोम कन्व्हर्टरची आहे, त्याला एका किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा असं माप जवळजवळ अचूक लागतं, कान लावून फिरवलेल्या स्क्रूला ते रोज कसं जमायचं. म्हणून कार्बोरेटर गेला, ओम्नीसुद्धा इंजेक्शनवर आली.

सुरुवातीला झडपेला केबल होती, पाय दाबला की झडप उघडणार, आणि आयडलसाठी बाजूनं थोडी हवा सोडणारा वेगळा वॉल्व्ह. मग केबलपण गेली. बीएमडब्ल्यूनं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मोठ्या गाडीत पॅडल आणि झडपेच्या मध्ये फक्त वायर ठेवली, आता साध्या फॅमिली गाडीतपण तेच आहे. पॅडल नुसती विनंती करतं, झडप किती उघडायची ते कॉम्प्युटर ठरवतो आणि बॉडीवरची छोटी मोटर ती फिरवते. आत दोन सेन्सर असतात, दोघांचं म्हणणं जुळलं नाही की चेक इंजिनची लाइट लागते आणि गाडी बैलगाडीसारखी चालते. बॉडी बदलायच्या आधी आमचं तेच झालं होतं, कावळा नाक्यापासून घरापर्यंत मागच्यांचे हॉर्न ऐकत आलो.

आणि कोकलण्याचं कारण त्या चिकट्यात होतं. कडेला थर बसत गेला तशी हवा कमी पडत गेली, म्हणून कॉम्प्युटर आयडलला झडप दरवर्षी केसभर जास्त उघडायला शिकला. मी नवी कोरी स्वच्छ बॉडी बसवली, त्यानं सवयीप्रमाणं तेवढीच उघडली, हवा भसकन आत. मिस्त्रींनी येऊन स्कॅनर लावला, जुनी शिकवण पुसली, चावी ऑन करून थांबले. मी कौतुकानं पाईप बाजूला करून आत बोट घालणार तेवढ्यात ओरडले, "भावा, बोट काढ!" आणि चकती खटकन पूर्ण उघडून मिटली, कुणी पाय न लावता.