मीटरचे किलोमीटर आणि इंजिनाचे किलोमीटर: हायब्रिड गाडीचं ऑइल कधी बदलायचं?

हायब्रिड गाडी घेतलेला माणूस पहिल्या वर्षात कधीतरी हा हिशेब मांडतोच. गाडी दहा हजार किलोमीटर चालली, त्यातलं निम्मं अंतर विजेच्या मोटरनं कापलं, म्हणजे इंजिन चाललं पाच हजारच. पेट्रोल गाडीचं ऑइल दहा हजारांना बदलत असतील, तर आपलं वीस हजारांना बदललं तर बिघडलं कुठे?

गणित चोख वाटतं, पण गाडी बनवणारे ते मानत नाहीत. टोयोटाचं अमेरिकेतलं वेळापत्रक बघा. कोरोला साधी पेट्रोलवाली असो की हायब्रिड, सिंथेटिक ऑइलची मुदत दोघींना एकच: १०,००० मैल, म्हणजे साधारण १६,००० किलोमीटर, किंवा १२ महिने, यांतलं जे आधी येईल ते. युरोपात हीच कंपनी हायब्रिडला १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. इंजिन निम्मा वेळ बंद होतं म्हणून जादा सवलत कुठेच नाही.

याचं कारण असं की मीटर अंतर मोजतो, आणि ऑइलला अंतराशी थेट काही देणंघेणं नसतं. साध्या पेट्रोल गाडीतही मीटर खरं बोलत नाही. तासभर वाहतूक कोंडीत उभी असलेली गाडी मीटरच्या लेखी जागची हललेली नसते, पण इंजिन तासभर फिरत असतं आणि ऑइल तासभर राबत असतं. हायब्रिडमध्ये हे उलटं होतं: मीटर पळतो आणि इंजिन गप्प असतं. पेट्रोल गाडीचा मीटर ऑइलचं काम कमी दाखवतो, हायब्रिडचा जास्त दाखवतो. इथपर्यंत हिशेब हायब्रिडवाल्याच्याच बाजूनं आहे.

तो फसतो पुढे. ऑइल खराब होण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि बोलताना आपण ते एकात मिसळतो. पहिला वापराचा. गरम इंजिनात फिरताना ऑइलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यातल्या लांब साखळ्यांचे रेणू तुटतात, जळणाची काजळी त्यात मिसळते, आणि घाण धरून ठेवणारी द्रव्यं संपत जातात. हे सगळं इंजिन जितकं चालेल तितकं होतं. इंजिन निम्मं चाललं तर ही झीजही जवळजवळ निम्मी. दुसरा मार्ग थंडपणाचा, आणि हायब्रिडची गोष्ट खरी इथे सुरू होते.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पेट्रोलमधल्या हायड्रोजनचं जळून दुसरं काय होणार? यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन व्यवस्थित तापलेलं असेल तर ती तिथे टिकत नाही, चेंबरच्या व्हेंटिलेशनमधून परत इंजिनात ओढली जाऊन बाहेर पडते. इंजिन थंड असेल तर तिचं पाणी होऊन ती ऑइलमध्येच राहते. तीच गत पेट्रोलची. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त द्यावं लागतं, सगळं नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवर राहिलेलं पेट्रोल रिंगा खरवडून खाली नेतात. पाणी, पेट्रोल आणि जळणातून आलेली आम्लं एकत्र आली की ऑइल पातळही होतं आणि त्याची आम्ल मारण्याची ताकदही खर्ची पडते. ऑइल चांगलं तापून काही वेळ तसंच राहिलं, तर पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. इथे एक फसगत होते: डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान दाखवतो. तो मधोमध आला तरी ऑइल अजून बऱ्यापैकी थंड असतं, त्याला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

आता तीन किलोमीटरवर जाऊन यायचंय असं समजा. पेट्रोल गाडीचं इंजिन जाताना आणि येताना सलग चालतं, निदान थोडं तरी तापतं. हायब्रिड गाडी सुरू केली की बॅटरी भरलेली असली तरी बहुतेक वेळा इंजिन एकदा चालू होतं, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय धूर साफ होत नाही. ते काम उरकलं की इंजिन बंद. पुढचा रस्ता मोटरवर, मध्ये एखादा चढ लागला की इंजिन पुन्हा चालू, पुन्हा बंद. म्हणजे इंजिन कमी चाललं हे खरं, पण जेवढं चाललं तेवढं नेमकं ऑइलला सर्वांत वाईट अशा अवस्थेत. अशा फेऱ्यांत हायब्रिडचे कमी तास ही जमेची बाजू राहतच नाही.

अभियंत्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिडच्या दुसऱ्या पिढीत अमेरिकेत चक्क एक थर्मास बसवलेला होता: सुमारे तीन लिटर गरम कूलंट त्यात साठवायचं आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू होण्याआधी ते आत सोडायचं. हे पाणी तीन दिवसांपर्यंत गरम राहू शकत असे. पुढच्या पिढीत थर्मास गेला आणि सायलेन्सरमधून वाया जाणारी उष्णता कूलंटला देणारी यंत्रणा आली. उद्देश धूर आणि इंधन कमी करण्याचा होता, पण इंजिन लवकर तापलं की फायदा ऑइललाही मिळतोच.

मग सारखं चालू-बंद होण्यानं इंजिन झिजत नाही का? ही भीती मला अर्धवट वाटते. साध्या गाडीचा स्टार्टर इंजिन मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्यांनी कसंबसं फिरवतो आणि त्याच वेळी पेट्रोल पेटवलं जातं. टोयोटासारख्या पूर्ण, म्हणजे नुसत्या मोटरवरही धावणाऱ्या, हायब्रिडमध्ये एक ताकदवान जनरेटर इंजिनाला हजाराच्या आसपास फेऱ्यांवर नेतो आणि मग पेट्रोल सोडलं जातं. तोपर्यंत बेअरिंगमध्ये ऑइलचा थर बसायला लागलेला असतो. तापलेल्या इंजिनाची अशी दहा स्टार्टिंग रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाच्या एका स्टार्टिंगपेक्षा सौम्य असतात असं म्हणायला हरकत नाही. घोळ स्टार्टिंगच्या संख्येचा नाही, थंड स्टार्टिंगचा आहे.

आणखी एक गोंधळ इथेच मोडून काढू. माइल्ड हायब्रिड आणि पूर्ण हायब्रिड यांना जाहिरातीत एकाच नावानं हाक मारतात, पण ऑइलच्या बाबतीत त्या वेगळ्या आहेत. माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनाला मदत करते. ती मोटर एकटीनं गाडी नेहमीच्या वेगानं नेऊ शकत नाही. अशा गाडीचं इंजिन जवळजवळ पूर्ण वेळ चालतं. सिग्नलला बंद पडतं एवढंच, आणि ते तर स्टार्ट-स्टॉपवाल्या साध्या गाडीचंही पडतं. माइल्ड हायब्रिडला सरळ पेट्रोल गाडी समजावं.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावून बॅटरी चार्ज करता येणारी, याच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. रोज चार्ज करणाऱ्याचं इंजिन आठवडेच्या आठवडे चालू होणार नाही. शेवरोले व्होल्टचं उदाहरण बोलकं आहे: सुमारे सहा आठवडे इंजिन चाललं नाही तर गाडी स्वतःच ते काही मिनिटं चालवायची परवानगी मागायची, आणि इंजिन कितीही कमी चाललेलं असो, दोन वर्षांत ऑइल बदलायचंच असं तिचं मॅन्युअल सांगायचं. प्लग-इनमध्ये अजून एक कठीण प्रसंग येतो. तुम्ही बॅटरीवर निवांत चालला आहात, महामार्गावर शिरताना पाय जोरात दाबला, आणि त्या दिवशी एकदाही न तापलेल्या इंजिनाला एकदम जोर लावायला सांगितलं गेलं. तेव्हा त्यातलं ऑइल पाणी-पेट्रोल मिसळलेलं जुनं असेल, तर किलोमीटर कमी झाले होते याचा काय उपयोग?

म्हणून हायब्रिडमध्ये किलोमीटरपेक्षा महिने जास्त महत्त्वाचे. लोक दोन आकड्यांतला सोयीचा तेवढा वाचतात. ‘१५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष’ यातलं ‘किंवा’ निवड करायला दिलेलं नाही, जे आधी येईल ते पाळायचं असतं. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या हायब्रिडचं ऑइल वर्षानं बदलायचं, अडीच वर्षांनी नाही. लांबचा प्रवास रोज करणाऱ्याचं इंजिन महामार्गावर बहुतेक वेळ चालतं आणि नीट तापतं. त्यानं किलोमीटरचा आकडा पाळावा. त्याच्या ऑइलचं आयुष्य तशाच पेट्रोल गाडीच्या ऑइलपेक्षा फार वेगळं नसतं. आणि ज्याच्या सगळ्या फेऱ्या कडाक्याच्या थंडीत चार-पाच किलोमीटरच्या आहेत, त्यानं मुदत निम्मी करावी. हे माझ्या पदरचं नाही. टोयोटाच्या त्याच अमेरिकी वेळापत्रकात शून्य अंशाखालच्या थंडीत पाच मैलांपेक्षा, म्हणजे साधारण आठ किलोमीटरपेक्षा, छोट्या फेऱ्या वारंवार होत असतील तर ५,००० मैल किंवा सहा महिने ही मुदत आहे. टॅक्सीसारख्या वापराला आणि धुळीच्या रस्त्यांनाही तीच लागू.

डब्यावर ‘हायब्रिड’ असं मोठ्ठं छापलेल्या ऑइलबद्दल थोडक्यात. त्यात पाणी आणि गंज झेलणारी द्रव्यं जास्त असू शकतात, वाईट काही नाही. पण बघायचं ते डब्याच्या मागे: मॅन्युअलनं सांगितलेली ग्रेड (ऑइल किती पातळ ते सांगणारा आकडा) आणि दर्जा. बऱ्याच हायब्रिडना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लागतं. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या आयएलसॅकनं २०२० मध्ये ०डब्ल्यू-१६ ला जीएफ-६बी ही वेगळी वर्गवारी दिली, ०डब्ल्यू-२० वगैरे जीएफ-६ए मध्ये ठेवली. ०डब्ल्यू-१६ मिळालं नाही तर ०डब्ल्यू-२० चालेल, पण पुढच्या वेळी पुन्हा ०डब्ल्यू-१६ घाला, असं टोयोटाची मॅन्युअल्स सांगतात. ‘जाड ऑइल इंजिनाला बरं’ हा गॅरेजमधला जुना सल्ला इथे लावू नका. वारंवार थांबून सुरू होणाऱ्या इंजिनात ऑइल झटकन पोचणं जास्त गरजेचं आहे.

डॅशबोर्डवरची आठवण दोन प्रकारची असते. काही गाड्यांत ती फक्त मागच्या वेळेपासूनचे किलोमीटर मोजते. हायब्रिडमध्ये अशा दिव्यावर विसंबून महिने विसरणं सोपं आहे. होंडाच्या मेंटेनन्स माइंडरसारख्या दुसऱ्या प्रकारात इंजिन किती आणि कोणत्या तापमानात चाललं यावरून ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दाखवतात. हा प्रकार हायब्रिडला जास्त मानवतो. तरी बहुतेक गाड्यांत तो अंदाज गणितानं काढलेला असतो, ऑइल प्रत्यक्ष तपासलेलं नसतं, त्यामुळे वर्षाची मर्यादा तिथेही सुटत नाही. तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा यांतला कोणताच नव्हे. तो ऑइलचा दाब गेल्याचा इशारा आहे. लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची.

दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये महिन्यातून एकदा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बघा. हायब्रिडमध्ये बॉनेट उघडण्याआधी गाडी पूर्ण बंद केलेली हवी, ‘रेडी’ दिसत असेल तर इंजिन कधीही आपोआप सुरू होऊ शकतं. इंजिन तापलेलं असताना बंद करून पाच-एक मिनिटं थांबा, मग सपाट जागेवर पातळी मोजा. नुसता काळा रंग बघून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. पातळी खाली जाणं सगळ्यांना कळतं, वर चढणं मात्र दुर्लक्षित राहतं. काहीही न घालता पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट पिवळा फेस दिसला तर ते पाणी. थंडीत थोडासा फेस दिसणं नेहमीचं. एकदा तासभर महामार्गावर गाडी चालवल्यावर तो जायला हवा. नाहीच गेला, किंवा कूलंटची पातळीही उतरत असेल, तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, मेकॅनिकला हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये मिसळू न देणारं इंजिनातलं पॅकिंग) तपासायला सांगा.