गोळा पोटरीत, गोंधळ मज्जारज्जूत

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना शेजारचा पोरगा सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसला. पोटरीला हात लावला तर आत लिंबाएवढा गोळा, दगडासारखा टणक. टपरीवरचे काका म्हणाले, "मीठ कमी पडलं असन. लिंबूपाणी पाजा त्याले."

पण मीठ कमी झालं तर साऱ्या रक्तातच कमी होईल ना? मग गोळा एकाच पोटरीत का? मी त्याचा गुडघा सरळ केला, चवडा गुडघ्याकडे ओढून धरला. लिंबू कापून होईपर्यंत गोळा विरला होता.

हे कसं झालं, तो भाग मला फार आवडतो. स्नायूला आवळायचा हुकूम मज्जारज्जूतल्या चेतापेशी देतात. त्यांच्याकडे स्नायूतून दोन खबरी सतत निरोप धाडतात. एक स्नायूच्या धाग्यांत असतो. स्नायू ताणला गेला की तो "आवळ" म्हणतो. दुसरा स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जुळतात तिथे असतो, आणि कंडरेवर ताण आला की "सोड" म्हणतो. हा दुसरा इटलीच्या कामिल्लो गॉल्जींच्या नावाने ओळखला जातो. स्नायू थकला की पहिल्याचा जोर वाढतो, दुसऱ्याचा घटतो. त्यात स्नायू आखूड अवस्थेत असेल तर कंडरा सैल पडते आणि "सोड" म्हणणारा जवळजवळ गप्पच होतो. पोटरीचा वरचा स्नायू गुडघा आणि घोटा अशा दोन सांध्यांवरून जातो. गुडघा वाकलेला, टाच उचललेली, म्हणजे तो दोन्हीकडून आखूड! चवडा ओढला की कंडरा ताणते आणि गप्प झालेला खबरी पुन्हा बोलू लागतो.

२०१० साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. घोट्याजवळच्या नसेला विजेचे हलके झटके देऊन पायात गोळा आणला. काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी पाजल्यावर तो साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, साधारण दीड मिनिटात. एवढ्यात मीठ रक्तात पोचत नाही. घशातल्या आंबट झणझणीनेच चेतापेशी शांत झाल्या असाव्यात. आपलं तेलातलं लोणचं मात्र वेगळं.

मीठ-पाणी निरुपयोगी आहे असं नाही. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्याच्या अंगभर पेटक्यांत मिठाचा वाटा असतोच. ताक, आंबील जरूर प्यावी. पण चमक भरली की पायाळू माणूस शोधत फिरणं थांबवा. असं दुखणं बऱ्याचदा आपोआपच सुटतं आणि श्रेय त्याच्या पायाला जातं.

दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याला लोक लॅक्टिक आम्लाचा दोष देतात. ते तर तासाभरात निघून जातं. ठणका असतो धाग्यांना झालेल्या बारीक इजेचा. त्याला भाकरी, वरण, झोप आणि हलकी चाल लागते.

पोराची सायकल वडिलांची होती. सीट उंच, म्हणून तो टाच उचलून बोटांनीच पायडल गाठत होता. पायडल तळाला असताना टाच त्यावर टेकून गुडघा जेमतेम सरळ व्हावा, इतकी सीट आम्ही तिथेच पाना मागून खाली घेतली. उरलेला घाट त्याने हळूहळू, मध्ये उतरून पोटरी ताणत पार केला.