‘मूनस्टोन’मधला अफूचा प्रयोग : पार्श्वभूमी

विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (1868) कादंबरीत एका हिऱ्याच्या चोरीचा उलगडा होतो तो अफूमुळे. हिरा फ्रँकलिन ब्लेकनेच उचललेला असतो, पण त्याला काही आठवत नाही. त्या रात्री त्याच्या नकळत कोणीतरी त्याला लॉडनम हे अफूचं औषध पाजलेलं असतं. वर्षभराने एझ्रा जेनिंग्ज हा डॉक्टरचा मदतनीस तेच घर, तशीच जागरणं जुळवून ब्लेकला पुन्हा डोस देतो. आधी 25 मिनिम (द्रव औषधाचं थेंबाएवढं माप), आता 40. औषध दिलं जातंय हे आधी माहीत असलं की शरीर त्याला नकळत विरोध करतं, हा त्यामागचा जेनिंग्जचा विचार.

लॉडनम म्हणजे दारूत उतरवलेला अफूचा अर्क. तो वाण्याच्या दुकानातही मिळे. खोकल्याला, जुलाबाला, रडणाऱ्या पोरालाही दिला जाई. ब्रिटनमधली अफू बहुतांशी तुर्कस्तानातली. आपली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. ब्रिटनमध्ये 1868 च्याच कायद्याने विक्रेत्यांवर बंधनं आली आणि बाटलीवर ‘विष’ अशी चिठ्ठी आली.

त्याआधी 1821 मध्ये इंग्रज लेखक टॉमस डी क्विन्सी यांनी स्वतःच्या अफूच्या सवयीची कबुली ‘लंडन मॅगझिन’मध्ये छापली होती. त्यांचं एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं : बैलांच्याच गोष्टी करणारा माणूस अफू खाऊ लागला, तर त्याला स्वप्नंही बैलांचीच पडतील. म्हणजे मनी वसे ते स्वप्नी दिसे. अफू पदरचं काही घालत नाही. कॉलिन्स यांनी याच विचारावर रहस्य बेतलं. हिरा सुरक्षित नाही ही ब्लेकची दिवसभराची काळजी, तीच रात्री त्याला उठवून चालवते. जेनिंग्ज त्याच्या हाती डी क्विन्सींचं पुस्तकही ठेवतो.

कॉलिन्स स्वतः संधिवाताच्या वेदनांसाठी लॉडनम घेत. कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः येत असतानाच त्यांची आई वारली, ते अंथरुणाला खिळले आणि काही भाग त्यांनी सांगून लिहवून घेतला. त्यांचं दुखणं जेनिंग्जमध्ये उतरलंय असं मला वाटतं. तो असाध्य रोगाने खंगलेला, अफूवर तग धरणारा, रात्री भयाण स्वप्नांनी छळलेला. मरताना तो डायरीतली ब्लेकच्या सहवासातल्या दिवसांची पानं तेवढी फाडून त्याच्यासाठी ठेवतो. बाकीची डायरी त्याच्याबरोबर शवपेटीत जाते.