बंदराच्या जनसुनावणीत हरकत नोंदवायची आहे? माइक सोडा, आधी कागद तयार करा

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालायचा आहे, खर्च ७६,२२० कोटी. त्याची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली आणि पुढच्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी आली. आपल्या किनाऱ्यावर उद्या एखाद्या बंदराचा प्रस्ताव आला तर गावकऱ्याच्या हातात नेमकं काय असतं, ते सांगतो.

वर्षाला ५० लाख टन किंवा त्याहून जास्त माल हाताळणारं बंदर ‘अ’ श्रेणीत मोडतं. मंजुरी केंद्राचं पर्यावरण मंत्रालय देतं, पण सुनावणी घेतं राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली. जुन्या बंदराची क्षमता वाढवायची असेल तर नवी सुनावणी हवी की नको, हे मंत्रालयाची तज्ज्ञ समिती ठरवते. म्हणून ‘विस्तार’ हा शब्द दिसला की कान टवकारा.

सुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात येते. तेवढ्या मुदतीत पर्यावरण आघात मूल्यांकनाचा (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा) मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्रात पाहता येतो. त्याचा सारांश मराठीत असावाच लागतो. नसेल तर तीच पहिली हरकत.

पात्रता? परिसरातली प्रकल्पबाधित व्यक्ती समोर उभी राहून बोलू शकते. बाहेरगावी असलेला, पण प्रकल्पाशी संबंध असलेला माणूस लेखी हरकत पाठवू शकतो. ठरावीक नमुना नाही. साध्या कागदावर लिहा, पण नाव, गाव, पत्ता स्पष्ट घाला. हजेरीच्या नोंदी इतिवृत्ताला जोडल्या जातात, तिथेही नाव लिहायला विसरू नका.

कागदपत्रांची सक्ती नसली तरी पुरावा जोडलेला बरा. मच्छीमाराने बोटीचा नोंदणी दाखला, मासेमारी परवाना, सोसायटीचं सभासदत्व आणि डिझेल परताव्याच्या नोंदी लावाव्यात. वाढवण, वरोर, चिंचणीकडे डायमेकिंग, म्हणजे साचे बनवण्याचं काम, घरोघर चालतं. तसा धंदा असणाऱ्यांनी तो कुठे आणि किती वर्षं चालतो ते लिहावं.

आता मुद्द्याचं. ‘समुद्र आमचा आहे’ असं लिहिलंत तर कंपनी अंतिम अहवालात एका ओळीत उत्तर देऊन मोकळी होते. त्याऐवजी लिहा: ‘अमुक गावासमोर इतक्या वाव पाण्यात आमच्या डोलीच्या कवी आहेत, अहवालाच्या तमुक पानावर त्यांचा उल्लेख नाही.’ (वाव म्हणजे सुमारे सहा फूट खोली; कवी म्हणजे डोल जाळी लावायच्या ठरलेल्या जागा.) पर्यावरणाचा प्रत्येक महत्त्वाचा मुद्दा अंतिम अहवालात हाताळणं अर्जदाराला, म्हणजे कंपनीला, बंधनकारक आहे. पान क्रमांक दिला की टाळाटाळीला जागा कमी उरते.

हरकत दोन प्रतींत न्या. एक मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणतील. पोच मिळाल्याशिवाय जिना उतरू नका.

सुनावणीचं चित्रीकरण होतं. गणसंख्येची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झालीच असं धरतात. शेवटी मराठीत वाचून दाखवलेल्या सारांशात तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथेच हात वर करा.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही. आपल्याकडचं खंडपीठ पुण्यात आहे. मंजुरीची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रांत येते. ते कात्रण तारखेसकट पोचेच्या प्रतीलाच टाचून ठेवा.